सत्तावीस नंबरनं या

लोकांना चहाला बोलावणं हा गुन्हा नाही. तरी त्या गुरुवारी कुशलचा ऑफिसातून मेसेज आला, ‘तू आत्ता रेडिओवर आपल्या घराचा पत्ता दिलास का?’ नवऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा फुगवलेले असतात. हा नव्हता.

पण रेडिओ पुढे येईल. आधी बस. आमचं हॅदरमीड हे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या पलीकडचं छोटं गाव. इथे रस्त्यांपेक्षा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, जास्त आहेत आणि माणसांपेक्षा गाड्या. मला गाडी येत नाही. म्हणजे येते, पण परीक्षकांना ते अजून पटलेलं नाही. मागच्या परीक्षेत मी एका राउंडअबाउटात शिरले आणि बाहेर पडायची संधी शोधत राहिले, तेव्हा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सूचना देणं थांबवलं आणि ते नुसतेच खिडकीबाहेर बघत बसले. त्यामुळे मी, चार वर्षांचा वीर आणि आठ महिन्यांची तनू अशी तिघं सत्तावीस नंबरच्या बसवर जगतो. तासाला एक बस. ती चुकली की आम्ही स्टॉपवर बिस्किटं खातो.

तर मार्चमध्ये स्टॉपच्या खांबावर प्लॅस्टिकात गुंडाळलेला एक कागद लटकला. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, सत्तावीस नंबर बंद करणार होतं. कारण, फारसं कुणी बसत नाही. नागरिकांनी आपलं मत महिनाअखेरीच्या सोमवारपर्यंत कळवावं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी रडले असते, परीक्षा पुन्हा दिली असती, पुन्हा रडले असते. पण स्टॉपवर माझ्या शेजारी रंभाकाकू उभ्या होत्या. रंभाकाकू आणि सुखदेवकाका आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. काकांनी पोस्टात सॉर्टिंगला आयुष्य काढलं, युनियन चालवली, इथली आंबेडकर जयंती सुरू केली, आणि आता डोळ्यांमुळे गाडीचं लायसन्स परत दिलंय. काकू दिवसाआड सत्तावीस नंबरनं त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे जातात. अक्का केअर होममध्ये असतात. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या, वॉर्ड चालवला, डॉक्टरांना इंग्रजीत झापलं. आता विसरण्याच्या आजारात त्यांचं इंग्रजी आधी गेलं. उरली ती लातूरकडची मराठी, आणि त्या अख्ख्या केअर होममध्ये मराठी समजणारं कुणी नाही. काकू जातात त्या दिवशी अक्का बोलतात. इतर दिवशी नाही.

मीही कधीकधी तनूला घेऊन जाते. अक्का तनूचं पाऊल हातात धरून बसतात, आणि काकूंना दर वेळी तेच दोन प्रश्न विचारतात.

“कशी आलीस गं?”

“बसनं आले, अक्का.”

“जागा मिळाली का?”

अक्कांना वाटतं काकू लातूरहून एसटीनं येतात. काकू म्हणतात, मिळाली, खिडकीजवळची. खोटं नाही ते. सत्तावीस नंबरात सगळ्याच खिडक्या रिकाम्या असतात, हीच तर कौन्सिलची तक्रार.

काकूंनी तो खांबावरचा कागद दोनदा वाचला, पर्समधला चष्मा बदलून तिसऱ्यांदा वाचला, आणि मला म्हणाल्या, “मग तिच्याशी बोलायचं कुणी?”

म्हणून मी ब्लॉग सुरू केला.

आता हसू नका. ज्या बाईला भाजी फोडणीला टाकून मीठ कुठे ठेवलं ते आठवत नाही, तिनं राजकीय ब्लॉग लिहू नये असा काही कायदा नाही. तनू दुपारी माझ्या डाव्या हातावर झोपते आणि तिला खाली ठेवलं की तिच्या पाठीला ते कळतं. त्यामुळे मी सगळी चळवळ उजव्या अंगठ्यानं केली. ब्लॉगचं नाव ‘सत्तावीस नंबर’. अक्कांबद्दल लिहिलं, काकूंच्या डब्यातल्या मऊ भाताबद्दल लिहिलं, एक बस गेली की एका माणसाची भाषा कशी जाते ते लिहिलं. लिहिताना माझेच डोळे भरले आणि अश्रू तनूच्या टाळूवर पडला. ती उठली. राजकारणाची किंमत मोजावी लागते.

रीडिंग शहरात माझी मैत्रीण शिल्पा आहे, आयटीत. तिनं त्याखाली सह्यांचं बटण लावून दिलं आणि सांगितलं, रोज लिही, एंगेजमेंट वाढव. वाढली. सकाळी उठून पाहते तो सह्या वाढलेल्या, दुपारी आणखी, संध्याकाळी मी कुशलला फोन नाचवून दाखवला. हॅदरमीडमध्ये एवढे लोक राहतात हेच मला माहीत नव्हतं.

राहत नव्हतेच. मी ब्लॉग मराठीत लिहिला होता. इंग्रजीत लिहायला बसले की माझं लिखाण गॅसच्या बिलासारखं वाटायला लागतं, म्हणून म्हटलं आधी मराठीत मन मोकळं करू. ते मन माझ्या सासूबाईंनी त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते साताऱ्याला गेलं, तिथून जगभर. सह्या करणाऱ्यांत आमचे शाळेतले ड्रॉइंगचे सर होते. कराडच्या एका गृहस्थांनी सत्तावीस नंबर चालू राहिलीच पाहिजे असं लिहून खाली स्वतःच्या गावच्या स्टँडवरच्या मुतारीची कैफियत मांडली होती. त्याला दुसऱ्या एकांनी उत्तर दिलं, त्यातून एसटी विरुद्ध खासगी ट्रॅव्हल्स असा वाद पेटला आणि तो अजून चालू आहे. सासूबाईंची कॉमेंट सगळ्यात वर होती: ‘फार हृदयस्पर्शी. फोटोत तनूला टोपी नाही.’

कौन्सिलचं उत्तर चार ओळींचं आलं. आपल्या आस्थेबद्दल आभार. हद्दीबाहेरच्या सह्या धरता येत नाहीत. हद्दीतल्या सह्या तीन: मी, कुशल, रंभाकाकू. सुखदेवकाकांनी केलीच नव्हती.

का केली नाही हे विचारायला मी तनूला कडेवर घेऊन त्यांच्या घरी गेले. काका रेडिओसमोर पेन घेऊन बसले होते. रेडिओ हॅदरमीडवर सकाळी कॉलिन नावाच्या माणसाचा फोन-इन कार्यक्रम असतो. लोक फोन करतात, खड्डे, कचऱ्याचे डबे, कुत्र्यांची घाण यांवर बोलतात, कॉलिन त्यांना चिडवतो, ते चिडतात. काकांची चळवळीची सगळी कल्पना त्याच्यावर बेतलेली.

“वाचणारा माणूस मान डोलावतो आणि चहा पितो,” काका म्हणाले. “ऐकणारा चिडतो. आपल्याला चिडलेली माणसं पाहिजेत, मनाली.”

मी म्हटलं, काका, रेडिओवर बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. काका म्हणाले, राहतं ना, साताऱ्याला राहतं. हे मला लागलं. मी विचारलं, तुमचा रेडिओ ऐकतं कोण, गाडीवाले. त्यांना बसचं काय? काका म्हणाले, राउंडअबाउटवर अडकलेल्या माणसाला दुसरं करायला काही नसतं, तो पूर्ण ऐकतो. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, तुम्ही दोघं भांडा, तोवर सोमवार येईल.

त्या आठवड्यात काकांनी रोज फोन लावला. रोज त्यांना रांगेत ठेवलं. एकदा लागला. काकांनी “जय भीम, गुड मॉर्निंग कॉलिन, माझे तीन मुद्दे आहेत” अशी भक्कम सुरुवात केली, पहिल्या मुद्द्याला १९८६ पासून हात घातला, आणि ते १९९१ला पोचले तेव्हा बातम्या लागल्या. काका दिवसभर जेवले नाहीत. दोन मुद्दे पोटात होते.

मग शेवटच्या आठवड्यात कॉलिननं जाहीर केलं, गुरुवारी सकाळी कौन्सिलच्या ट्रान्स्पोर्टच्या बाई खुद्द स्टुडिओत येणार आहेत. काकांनी फोन लावला, रांगेत राहिले, आणि पंधरा मिनिटांनी मला केअर होममधून काकूंचा फोन. अक्का पडल्या आहेत, फार लागलेलं नाही, पण घाबरल्यात आणि नर्सना त्या काय म्हणतात ते कळत नाही. काकांना यायला सांग, त्यांचा फोन एंगेज लागतोय. मी दोन्ही मुलांना घेऊन धावत गेले. काकांनी फोन माझ्या हातात कोंबला, कोट चढवला, आणि दारातून ओरडले की मुद्दा दोन आणि तीन फ्रिजवर लावलेत. स्टॉपवर सत्तावीस नंबर येताना दिसत होती. ते पळाले. त्या वयाच्या माणसाला बसमागे पळताना बघणं फार वाईट असतं. मी बघतच होते, तेवढ्यात कानात कुणीतरी म्हणालं, “आणि आता लाइनवर आहेत सुखदेव.”

मी म्हटलं, मी सुखदेव नाही.

फ्रिजवरचे मुद्दे वाचायला मी वळले तर वीरनं त्या कागदाची टोपी केली होती. तनूनं फोनची वायर तोंडात घातली होती. स्टुडिओत त्या बाई गोड आवाजात सांगत होत्या की शनिवारी दुपारी सत्तावीस नंबरात ड्रायव्हर धरून चार माणसं असतात, येत्या शनिवारी आमचा माणूस शेवटची मोजणी करणार आहे, आणि मला खात्री आहे की चित्र हेच असेल. कॉलिन म्हणाला, मनाली, तुमचं काय म्हणणं?

माझं म्हणणं असं होतं की आत्ता, या क्षणी एक म्हातारा माणूस त्या बसच्या मागे धावतोय. ते मी सांगितलं. कुणासाठी धावतोय तेही सांगितलं. अक्कांचं इंग्रजी कसं गेलं आणि कोण बोलतं त्यांच्याशी. मुद्दे नव्हते माझ्याजवळ. मागे वीर ओरडत होता, “आई, बस आला होता, गेला!” कॉलिन, जो सगळ्यांना चिडवतो, तो गप्प राहिला. रेडिओवर कुणी गप्प राहिलं की काय भयंकर वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, मी सगळं घालवलं.

आणि आता ती पत्त्याची गोष्ट. आपल्याकडे फोन ठेवायची एक रीत आहे. एकदम ‘बाय’ म्हणून ठेवला तर माणूस रागावला असं वाटतं. म्हणून आपण शेवटी म्हणतो, ‘या ना एकदा घरी.’ त्याचा अर्थ ‘आता ठेवते.’ समोरचा म्हणतो, ‘हो हो, येऊ की.’ त्याचा अर्थ ‘ठेव.’ यात कुणी कुणाकडे जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. तर त्या भयंकर शांततेत मी शिस्तीत फोन ठेवायला गेले आणि इंग्रजीत म्हणाले, तुम्ही सगळे एकदा आमच्या घरी चहाला या.

“सगळे?” कॉलिन म्हणाला. “ऐकणारे सगळे?”

इथे मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण आमंत्रण देऊन मागे घ्यायचं, तेही हजार लोकांसमोर? माझ्या आईनं ऐकलं तर?

“हो,” मी म्हटलं.

“कधी?”

कुशल घरी असतो असा एकच दिवस मला आठवला. “शनिवारी. चारला.”

कॉलिननं पत्ता विचारला, मी दिला. देता देता समोरच्या खिडकीतून आमच्या शेजाऱ्यांचे, डेरेकचे, पार्किंग अडवायला ठेवलेले केशरी प्लॅस्टिकचे सुळके दिसले. डेरेक आपल्या गेटसमोरची जागा सीमेवरच्या जवानासारखी राखतात. मागच्या दिवाळीत आमच्या एका पाहुण्यांनी तिथे चाक टेकवलं तर त्यांनी फोटो काढले होते. मी घाईनं म्हणाले, पण कृपा करून गाड्या आणू नका, आमच्याकडे जागा नाही, सत्तावीस नंबरनं या.

तेवढ्यात फोन बंद पडला. तनूनं वायर चावून काढली होती.

अक्का ठीक होत्या. काकांनी बस पकडली होती, त्यांनी हात धरला, काकूंनी मराठीत समजावलं, आणि नर्सला कळलं की त्यांना मनगट दुखतंय. काका घरी आले तेव्हा मी अपराध्यासारखी बसले होते. त्यांनी मी काय बोलले आणि त्या बाई काय बोलल्या ते नीट विचारलं. शनिवार, चार, सत्तावीस नंबर.

“मोजणीच्याच दिवशी, मोजणीच्याच बसनं. मनाली, हे तू मुद्दाम केलंस?”

तोपर्यंत मला या दोन गोष्टींचा संबंधच लागला नव्हता. पण माणसाला थोडी अब्रू लागते. मी हो म्हटलं.

मग सुरू झाली भीती, आणि तिला दोन तोंडं. कुणी आलंच नाही तर मोजणीवाला रिकाम्या बसवर शिक्का मारून जाईल आणि काकूंची बस गेली. आणि सगळे आले तर आमच्या घरात कप सहा. कुशलचं म्हणणं, इंग्रज माणूस अनोळखी घरी येत नाही. शिल्पाचं म्हणणं, इव्हेंट क्रिएट करून आरएसव्हीपी घे. सासूबाईंचं म्हणणं, पोहे कर, पोहे वाढवता येतात. ब्लॉगवर साताऱ्याच्या मंडळींनी शुभेच्छांचा पाऊस पाडला, त्यांपैकी एकालाही यायचं नव्हतं. डेरेक कुंपणावरून इतकंच म्हणाले, शनिवारी चार वाजता, असं ऐकलं मी. आणि सुळके आणखी दोन वाढवले.

शनिवारी कुशलनं कांदा चिरला, शेजारपाजारचे कप गोळा केले, आणि अडीच वाजता फ्रिज उघडून म्हणाला, दूध कुठाय? दूध माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. वीरला कुशलजवळ ठेवून मी तनूला बाबागाडीत घातलं आणि सुपरमार्केट गाठलं. दुधाचे मोठे कॅन गाडीच्या खालच्या जाळीत कोंबले आणि स्टॉपवर आले. साडेतीनची सत्तावीस नंबर. केअर होमकडून येते, टाउन सेंटरला थांबते, मग हा स्टॉप, मग आमचा. वेळेत पोचणार होते मी.

बस आली. मी आधी ती ओळखलीच नाही. सत्तावीस नंबर नेहमी उडत येते, हलकी. ही जड येत होती, वळणावर कललेली. काचा वाफेनं धुरकटल्या होत्या. दार उघडलं आणि पायरीपर्यंत माणसं. म्हाताऱ्या बायका हातात केकचे डबे धरून, चर्चमध्ये गाणारा एक अख्खा कॉयर, काठ्या, दोन व्हीलचेअर, बाबागाड्यांच्या जागेत आधीच एक जुळ्यांची गाडी.

ड्रायव्हर म्हणाला, सॉरी लव्ह, पाय ठेवायला जागा नाही, कसलीतरी टी पार्टी आहे.

“माझी आहे,” मी म्हटलं.

“टाउन सेंटरपासून सगळे तेच म्हणतायत,” तो म्हणाला.

मी आत पाहिलं. तिसऱ्या बाकावर, खिडकीजवळ, मांडीवर फ्रूटकेक घेऊन डेरेक बसले होते. आमच्या भिंतीला ज्यांची भिंत लागून आहे ते डेरेक चालत टाउन सेंटरला जाऊन तिथून माझ्याच घरी यायला बसमध्ये बसले होते, कारण रेडिओवर सत्तावीस नंबरनं या असं सांगितलं होतं आणि ते सूचना पाळणारे गृहस्थ आहेत. त्यांनी मला ओळखून हात हलवला. उठले मात्र नाहीत.

त्यांच्या मागे रंभाकाकू होत्या, अक्कांकडून परत येत असलेल्या, रिकामा डबा पोटाशी धरून. त्या उठायला लागल्या. मी जोरजोरात हातांनी नको नको केलं, बसा, तुम्ही बसून राहा. पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस गर्दीत टॅब्लेट डोक्यावर धरून घामाघूम उभा होता. त्यानं माझ्याकडे मान वळवली.

“तुम्हाला या बसनं जायचं होतं का?”

“हो.”

“जागेअभावी जाता आलं नाही?”

“नाही.”

“लिहा,” काकू त्याला मराठीत म्हणाल्या. “बाळासकट लिहा.”

त्यानं लिहिलं. दार मिटलं. ज्या बससाठी मी महिनाभर अंगठा झिजवला ती मला न घेता निघून गेली, आणि मी तिच्याकडे बघत स्टॉपवर हमसून हमसून रडले. तनूनं माझ्याकडे पाहून तिचा चावलेला बिस्किटाचा तुकडा पुढे केला.

दूध आणि मूल ढकलत मी चालत घरी पोचले तोवर दाराबाहेर बुटांचा डोंगर झाला होता. काकू प्रत्येकाला काढायला लावत होत्या. कुशल कोरा चहा वाटत होता आणि मला पाहून एवढंच म्हणाला, आलीस. डेरेक हॉलमध्ये उभे राहून लोकांकडून फोनवर कौन्सिलला मतं पाठवून घेत होते, पत्त्याचा पोस्टकोड बरोबर आहे ना ते तपासत. आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर सुखदेवकाका. दुसरा मुद्दा संपला होता. बातम्या लागणार नव्हत्या. तिसरा मुद्दा त्यांनी इतक्या प्रेमानं मांडला की पोहे दोनदा गरम करावे लागले.

सत्तावीस नंबर राहिली. पुढच्या वसंतापर्यंत, मग पुन्हा बघू, असं कौन्सिल म्हणतं. आणि त्यांच्या अहवालात ‘जागेअभावी मागे राहिलेले प्रवासी’ असा एक रकाना आहे. त्यात मी आहे. तनूला धरलेलं नाही, पाच वर्षांखालच्यांना धरत नाहीत. याबद्दल मी ब्लॉगवर कडक लिहिलं आहे. काकांनी त्याच विषयावर कॉलिनला फोन लावला, अजून रांगेत आहेत.

परवा काकूंबरोबर अक्कांकडे गेले होते. अक्कांच्या मनगटाला पट्टी, पण चेहरा छान. त्यांनी तनूचं पाऊल हातात घेतलं आणि काकूंना विचारलं, कशी आलीस गं. बसनं, काकू म्हणाल्या. जागा मिळाली का?

“आज मिळाली,” काकू म्हणाल्या. “पण त्या शनिवारी इतकी गर्दी, अक्का, की या पोरीला चढताच आलं नाही. लेकराला घेऊन राहिली उभी.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा नीट, सरळ माझ्याकडे. वॉर्डातल्या नवख्या नर्सकडे बघावं तसं.

“खिडकीतून रुमाल टाकायचा होतास की,” त्या म्हणाल्या. “एवढंही येत नाही?”

मी म्हटलं, चुकलं. अक्कांनी तनूच्या खांद्यावरचं लाळेचं फडकं ओढून घेतलं, मांडीवर ठेवून नीट चार घड्या घातल्या, आणि माझ्या हातात दिलं.

“हा असू दे जवळ,” त्या म्हणाल्या. “आणि लांबून टाकू नकोस. बस थांबू द्यायची, मग टाकायचा.”